पावसाळ्यात लाकडावर चढणारी बुरशी : ओळख, सफाई आणि प्रतिबंध

कोकणपट्टीत मृग नक्षत्र लागले की थोड्याच आठवड्यांत घराच्या बाहेरील लाकडाचे रूप पालटू लागते. पडवीचे खांब, ओटीचा कठडा, दाराची चौकट, वाशांची बाहेर आलेली टोके, गोठ्याच्या फळ्यांची भिंत आणि गुरांची गव्हाण या सर्वांवर प्रथम राखाडी व नंतर काळसर ठिपके उमटतात. श्रावण येईपर्यंत हे ठिपके एकमेकांत मिसळून लाकूड काजळी धरल्यासारखे दिसू लागते. पुढे गणेशचतुर्थी तोंडावर आली म्हणजे घरोघरी सफाईची घाई होते. त्या घाईत काळे पडलेले लाकूड वरवर पुसून त्यावर तेलरंगाचा हात दिला जातो. सणापुरते घर उजळते. परंतु दिवाळीच्या सुमारास तोच रंग फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि काळे ठिपके पुन्हा वर येतात. रंगाचा खर्च वाया जातो व पुष्कळदा लाकडाचेही नुकसान होते.

हे टाळणे कठीण नाही. मात्र त्यासाठी बुरशी म्हणजे काय, ती लाकडाचे काय बिघडवते व काय बिघडवत नाही, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

बुरशी कशी वाढते

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. कोरड्या लाकडावर पडलेला बीजाणू निष्क्रिय राहतो. ओल, उबदार हवा आणि थोडेसे अन्न मिळाले की तो रुजतो. कोकणात वर्षाला सरासरीने तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवेत बाष्प भरपूर असते, ऊन क्वचित पडते आणि भिजलेले लाकूड दिवसेंदिवस सुकत नाही. बुरशीला याहून अनुकूल ऋतू नाही.

लाकडावर दिसणारी काळी बुरशी बहुधा लाकडाच्या पृष्ठभागावरच जगते. तिथे साचलेली धूळ, हाताचा तेलकटपणा, चुलीचा धूर, जुन्या तेलाचा थर आणि लाकडातील थोडीफार साखर व पिष्ट हे तिचे अन्न होय. ती लाकडाचे धागे खात नाही. म्हणून केवळ वरवरच्या बुरशीने खांब कमकुवत होत नाही. पण असे असले तरी तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. जिथे बुरशी वारंवार येते तिथे लाकूड फार काळ ओले राहते, ही सूचना ती आपणास देत असते. त्याच ओलीवर लाकूड खरोखर कुजविणारी दुसऱ्या जातीची बुरशी वाढते आणि ती मात्र लाकडाचा गाभा पोखरते. लाकडातील पाण्याचे प्रमाण शेकडा २० च्या खाली राहिल्यास कूज सुरू होत नाही, हा लाकूड टिकविण्याचा मूलमंत्र आहे.

काळे दिसते ते सर्व बुरशी नव्हे

सफाईस हात घालण्यापूर्वी डाग कशाचा आहे हे ओळखावे. चुकीच्या निदानामुळे एक तर चांगला खांब उगाच काढून टाकला जातो, किंवा कुजलेल्या खांबावर विसंबून राहिले जाते. दुसरी चूक अधिक घातक आहे. कारण त्या खांबावर छप्पर उभे असते व छपराखाली माणसे आणि गुरे असतात.

१. पृष्ठभागावरील बुरशी : काळे, राखाडी किंवा तपकिरी ठिपके. ओल्या फडक्याने चोळल्यास काही भाग निघतो. पुढे सांगितलेल्या ब्लीचिंग पावडरच्या निवळीचा एक थेंब डागावर सोडल्यास काही मिनिटांत डाग फिका पडतो. साध्या धुळीचा डाग असेल तर त्याच्या रंगात फरक पडत नाही.

२. शेवाळ : रंग हिरवा, हाताला बुळबुळीत. सावलीतील व सतत भिजणाऱ्या भागावर येते. तेही लाकूड खात नाही, पण ओल धरून ठेवते. त्याची सफाई बुरशीप्रमाणेच करावी.

३. लोखंडाचा डाग : खिळा, बिजागरी किंवा कडी यांच्याभोवती निळसर काळा डाग पडतो. ऐन, खैर यांसारख्या लाकडांतील तुरट द्रव्याचा ओल्या लोखंडाशी संयोग झाल्याने तो उमटतो. ही बुरशी नव्हे, आणि ब्लीचिंग पावडरने हा डाग जात नाही.

४. कूज : लाकूड मऊ पडते, स्पंजासारखे दबते किंवा आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे सुटू लागतात. लाकडावर छत्रीसारखी किंवा पंख्यासारखी अळंबी उगवली असेल तर कूज आत खोलवर गेली आहे असे समजावे.

५. वाळवी : मातीच्या बारीक नळ्या लाकडावर चढलेल्या दिसतात. ठोकल्यास आवाज पोकळ येतो. वाळवीचा उपाय वेगळा आहे.

टोचणीची परीक्षा

कूज ओळखण्यासाठी कोणतेही महाग साधन लागत नाही. आरी किंवा अणकुचीदार पेचकस घेऊन खांबाच्या तळाशी, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात आणि वाशांच्या टोकांशी टोचून पाहावे. कारण ओल प्रथम याच ठिकाणी मुरते. टोक मोठ्या कष्टाने थोडेसेच आत गेले आणि लाकूड उचकटल्यास लांब सळसळीत ढलपी निघाली, तर लाकूड निकोप आहे. टोक सहज रुतले आणि ढलपी न निघता आखूड तुकडा मोडून आला, तर लाकूड कुजले आहे.

असा खांब आढळल्यास त्यावर कसलेही औषध किंवा रंग लावून उपयोग नाही. प्रथम तुळईला भक्कम धिरा देऊन छपराचा भार उतरवावा. त्यानंतर कुजका भाग जिथे संपतो त्याच्याही पुढे निदान ३० सें.मी. निकोप लाकूड कापून काढावे आणि खाली दगडी किंवा काँक्रीटचा तळखडा बसवावा. भार उतरविल्याखेरीज खांबाला करवत लावू नये. हे काम अनुभवी सुताराकडूनच करून घ्यावे.

सफाईची पहिली पायरी : साधी धुलाई

पुष्कळ वेळा बुरशी साध्या धुलाईने निघते. प्रथम लाकूड पाण्याने भिजवावे. कोरडी बुरशी खरवडू नये. तसे केल्याने असंख्य बीजाणू हवेत उडतात आणि दम्याच्या रोग्यांना व लहान मुलांना त्यांचा त्रास होतो. काम करणाऱ्याने नाकातोंडावर फडके बांधावे.

नंतर कोमट पाण्यात कपडे धुण्याची साधी पूड कालवून काथ्याच्या कुंचल्याने किंवा नारळाच्या सोडणाने लाकूड घासावे. हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवावा. तारेचा ब्रश वापरू नये. त्याने लाकडाचे धागे उखडतात व त्या खरबरीत पृष्ठभागात पुढील वर्षी ओल अधिक मुरते. तारेचे बारीक तुकडे अडकून राहिल्यास त्यांचेच काळे डाग पडतात. गाडी धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवाराही याच कारणासाठी वर्ज्य समजावा. घासून झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे.

दुसरी पायरी : ब्लीचिंग पावडरची निवळी

साध्या धुलाईनंतरही काळे डाग राहिल्यास ब्लीचिंग पावडर वापरावी. विहिरीचे पाणी शुद्ध करण्यासाठी ग्रामपंचायती वापरतात तीच ही पावडर होय. ताज्या व चांगल्या प्रतीच्या पावडरीत उपलब्ध क्लोरीनचे प्रमाण शेकडा ३३ च्या सुमारास असते. उघड्या पिशवीत किंवा दमट जागी ठेवल्यास तिचा जोर झपाट्याने कमी होतो. म्हणून शिळी, गोळे झालेली पावडर घेऊ नये. पंचायतीचा साठा पिण्याच्या पाण्यासाठी असतो. घरकामासाठी पावडर दुकानातून वेगळी विकत आणावी.

निवळी करण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे :

(अ) एक लिटर पाण्यास ४० ग्रॅम, म्हणजे पाच लिटर पाण्यास २०० ग्रॅम पावडर घ्यावी. भांडे प्लास्टिकचे असावे, धातूचे नसावे.

(आ) थोड्या पाण्यात पावडर कालवून तिचे सरबरीत मिश्रण करावे, नंतर उरलेले पाणी घालून लाकडी काठीने ढवळावे.

(इ) अर्धा ते एक तास भांडे न हलविता ठेवावे. चुन्याचा गाळ तळाशी बसतो. वरची स्वच्छ निवळी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी व तीच वापरावी.

(ई) कुंचल्याने किंवा फडक्याने निवळी लाकडावर लावावी. खालून वर लावत जावे, म्हणजे ओघळांचे पट्टे उमटत नाहीत. दहा ते पंधरा मिनिटे लाकूड तिने ओले राहू द्यावे.

(उ) त्यानंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. निवळी लाकडावर तशीच वाळू दिल्यास लाकडाचे धागे दुर्बळ होतात आणि खिळे, बिजागऱ्या गंजतात.

निवळी ज्या दिवशी केली त्याच दिवशी वापरून संपवावी. बाजारात मिळणारे द्रवरूप ब्लीच हाताशी असेल, तर शेकडा सुमारे ५ क्लोरीन असलेल्या द्रवाच्या एका भागात तीन भाग पाणी घातल्याने जवळजवळ तेवढ्याच जोराचे द्रावण तयार होते.

घ्यावयाची काळजी

या द्रावणाने कातडी व डोळे जळजळतात. रबरी हातमोजे घालावेत, डोळ्यांना चष्मा असावा, अंगावर जुने कपडे घालावेत. काम मोकळ्या हवेत करावे. डोळ्यात थेंब उडाल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धूत राहावे व लगेच डॉक्टरांकडे जावे.

ब्लीचिंग पावडरीत आम्लयुक्त फरशीचे औषध, लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा अन्य कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये. तसे केल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. नवसागर किंवा अमोनिया असलेल्या द्रव्याशीही तिचा संयोग होऊ देऊ नये. शेतकऱ्यांच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की गुरांच्या मूत्रात अमोनिया तयार होत असतो. मूत्राने भिजलेल्या गोठ्यातील जमिनीवर वा खुंटांवर ब्लीचिंगचे द्रावण ओतल्यास घातक वायू सुटू शकतो. म्हणून गोठ्यातील लाकूड साफ करताना गुरे बाहेर काढावीत, शेण-मूत झाडून जागा पाण्याने स्वच्छ धुवावी, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि मगच द्रावण हातात घ्यावे. गव्हाण धुतल्यावर ती अनेक पाण्यांनी खळबळून पूर्ण वाळल्याखेरीज तीत वैरण टाकू नये.

धुतलेले पाणी विहिरीत, गुरांच्या पिण्याच्या पाण्यात, मासे असलेल्या तळ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये. जवळची रोपे आधी साध्या पाण्याने भिजवून झाकून ठेवावीत.

पिकावरील औषधे फवारण्याचा पंप या कामासाठी वापरू नये. त्यात उरलेल्या औषधाचा क्लोरीनशी संयोग होऊन अपाय होण्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे सुपारीच्या कोळेरोगासाठी केलेले बोर्डो मिश्रण किंवा पिकांची अन्य बुरशीनाशके घरातील लाकडावर मारू नयेत. ती ज्या पिकासाठी व ज्या प्रमाणात सांगितली असतील तेवढ्यापुरतीच वापरावयाची असतात.

लोखंडाच्या डागासाठी सुतार ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण वापरतात. ते विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवावे. ब्लीचिंगचे काम झाल्यावर लाकूड पुष्कळ पाण्याने धुऊन वाळू द्यावे व त्यानंतरच वेगळ्या दिवशी हे काम करावे. दोन्ही द्रव्ये एकत्र येऊ देऊ नयेत.

मूळ कारण : ओल

बुरशी धुऊन काढली पण ओल तशीच राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात बुरशी परत येणारच. म्हणून सफाईपेक्षा ओलीचा बंदोबस्त अधिक महत्त्वाचा आहे.

घर शाकारताना फुटकी व सरकलेली कौले बदलावीत. एका फुटक्या कौलातून झिरपणारे पाणी वासा, रीप व तुळई या तिन्हींना कुजवू शकते. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून खांबांच्या तळाशी उडते. तेथे पन्हळ बसवावी किंवा खडी पसरून पाण्याला उताराने वाट काढून द्यावी. खांब मातीत पुरलेला नसावा. तो तळखड्यावर उभा असावा व लाकडाचे टोक जमिनीपासून निदान २० सें.मी. उंच असावे. खांबाला टेकून सरपण, पेंढा किंवा मातीचा ढीग रचू नये. भिंतीलगतची झुडपे छाटून वाऱ्याला वाट द्यावी. पावसाच्या झडीपासून रक्षणासाठी पडवीला बांधलेली झापे पाऊस उघडताच सोडावीत, म्हणजे आतील लाकडाला ऊन-वारा लागतो.

लाकडाच्या जातीचाही विचार करावा. देहरादून येथील वन संशोधन संस्थेने निरनिराळ्या लाकडांच्या गाभ्याचे खुंट जमिनीत पुरून ते किती काळ टिकतात याची परीक्षा केली आणि त्यावरून लाकडांचे तीन वर्ग ठरविले. पहिल्या वर्गातील लाकूड सरासरी १२० महिने किंवा अधिक, दुसऱ्यातील ६० ते १२० महिने आणि तिसऱ्यातील ६० महिन्यांहून कमी टिकते. सागाचा गाभा पहिल्या वर्गात, तर आंब्याचे लाकूड तिसऱ्या वर्गात मोडते. मात्र सागाचाही बाहेरील पांढरट भाग टिकाऊ नसतो. साग म्हणून घेतलेल्या खांबाला जर हा पांढरट भाग ठेवलेला असेल, तर तो आधी कुजतो. आंब्यासारखे लाकूड पावसात उघड्या जागी न वापरता घराच्या आत वापरणे शहाणपणाचे होय.

रंग केव्हा द्यावा

ओल्या लाकडावर रंग, डांबर किंवा तेल फासणे म्हणजे ओल आत कोंडणे होय. बाहेरून पाणी येणे थांबते असे वाटते. प्रत्यक्षात आतील पाणी बाहेर पडू शकत नाही आणि रंगाखाली कूज सुरू होते. म्हणून गणपतीपूर्वी केवळ धुलाई करावी. रंगाचे काम पाऊस पूर्ण थांबून ऊन पडल्यावर, दिवाळीनंतर काढावे आणि पुढील मृगापूर्वी संपवावे.

लाकूड वाळले की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. त्याच जातीच्या ओल्या लाकडाचा एक तुकडा खांबाशेजारी टांगून ठेवावा. दर आठवड्यास दुकानातील काट्यावर त्याचे वजन करावे. वजन उतरत आहे तोवर लाकूड वाळत आहे. वजन उतरणे थांबले म्हणजे तो तुकडा त्या हवेत वाळावयाचा तितका वाळला असे समजावे. जाड खांब तुकड्यापेक्षा सावकाश वाळतो, म्हणून त्यानंतरही काही आठवडे थांबावे.

रंगापूर्वी सुटलेले पापुद्रे काढून पृष्ठभाग पॉलिश कागदाने गुळगुळीत करावा, अस्तराचा एक हात द्यावा व त्यावर बुरशीरोधक बाहेरील रंगाचे दोन हात द्यावेत. वाशांची व फळ्यांची कापलेली तोंडे विशेष काळजीने भरून घ्यावीत. लाकडाच्या या तोंडांतून पाणी इतर बाजूंपेक्षा फार लवकर शोषले जाते.

कच्चे जवसाचे तेल उघड्या लाकडावर लावण्याची चाल आहे. त्यात बुरशीरोधक द्रव्य नसल्यास ते तेलच बुरशीचे अन्न बनते. गाडीचे जळके तेल तर वापरूच नये; ते पावसाने धुऊन माती व पाणी दूषित करते. काजूच्या टरफलांचे तेल कोकणात लाकडाला लावतात. त्याचा उपयोग होतो, पण ते कातडीला लागल्यास फोड येतात. हातमोज्यांखेरीज त्याला स्पर्श करू नये व माणसांचा हात जिथे नेहमी लागतो तिथे ते लावू नये.

गावातील प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ व्याख्यानाने न सांगता गावातील एखाद्या पडवीत करून दाखवावा. पाऊस उघडलेला दिवस निवडावा. काळ्या पडलेल्या एकाच खांबाचे तीन भाग खडूने आखावेत. वरचा भाग तसाच ठेवावा, मधला साध्या पुडीने धुवावा व खालचा निवळीने साफ करावा. वरून ओघळ येऊ नयेत यासाठी निवळी खालच्या भागालाच लावावी. त्यानंतर त्याच खांबाच्या तळाशी टोचणीची परीक्षा उपस्थितांपैकी एकाच्या हातून करवून घ्यावी. डोळ्यांनी पाहिलेला फरक आणि हाताने केलेली परीक्षा शेतकऱ्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहते. पुढील श्रावणात तोच खांब पुन्हा पाहून कोणत्या भागावर बुरशी आली याची नोंद करावी.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. काळी बुरशी लाकूड खात नाही. ती ओलीची सूचना देते.
२. रंग देण्यापूर्वी तळाशी टोचून पाहावे. टोक सहज रुतल्यास प्रथम धिरा, नंतर दुरुस्ती.
३. लाकूड भिजवूनच घासावे. कोरडे खरवडू नये.
४. ब्लीचिंग पावडर लिटरला ४० ग्रॅम. निवळीच वापरावी, दहा ते पंधरा मिनिटांनी धुवावी.
५. ब्लीचिंगमध्ये आम्ल मिसळू नये व गुरांच्या मूत्राशी तिचा संयोग होऊ देऊ नये.
६. गणपतीपूर्वी धुलाई, दिवाळीनंतर रंग.
७. खांबाचा पाय कोरडा, तर घर उभे.

चांगला खांब एका पिढीने उभारावा आणि पुढील पिढ्यांनी त्याच्या आधाराने राहावे, अशी आपल्याकडील घरांची रीत आहे. वर्षातून दोन वेळा, मृगापूर्वी व पावसाळा संपल्यावर, टोचणी घेऊन घराभोवती एक फेरी मारण्यास फार तर तासभर लागतो. तेवढी सवय प्रत्येक कुटुंबाने लावून घेतल्यास लाकूड टिकेल, खर्च वाचेल आणि छपराखाली राहणाऱ्यांना निर्धास्तपणे झोप घेता येईल.